दहा सेकंदवाले गफ्फारभाई

दारव्ह्यात लॅपटॉप अडला की माणूस आधी कंपनीला शिव्या घालतो, मग घरच्या पोरांवर खेकसतो आणि शेवटी गफ्फारभाईंकडे जातो. बस स्टँडच्या मागच्या बोळीत त्यांचं दुकान आहे. पाटीवर 'रौशन इलेक्ट्रॉनिक्स' लिहिलंय. रौशन ही त्यांची मुलगी, पण त्या नावानं दुकान विचारलं तर कोणी सांगायचं नाही. 'दहा सेकंदवाले कुठं बसतात?' म्हणा, पानठेल्यावरचा माणूस तोंड न उघडता बोट दाखवेल.

आता हे नाव पडलं कसं, ते ऐका. गफ्फारभाई आधी दिग्रसला जिनिंगच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. मग मिक्सर आले, टीव्ही आले, मोबाइल आले, आणि लॅपटॉप आले तेव्हा भाईंची चाळिशी उलटून गेली होती. कोणता क्लास नाही, कोणाचं सर्टिफिकेट नाही. पण एक गोष्ट त्यांनी पक्की धरली. मशीन कितीही हट्टाला पेटलेलं असो, चालू करायचं बटन दहा सेकंद दाबून धरलं की ते बंद होतंच. मग सुरू करा, चालतं. भाई मोठ्यानं आकडे मोजायचे, गिऱ्हाईक श्वास धरून बसायचं, आणि दहाला पडदा काळा झाला की भाई म्हणायचे, "घ्या, गेलं याचं भूत." खोटं कशाला बोला, दहापैकी आठ वेळा जमायचं. उरलेल्या दोन वेळांबद्दल भाई बोलत नसत आणि कोणी विचारतही नसे.

मार्च महिन्यात एका सकाळी कुंदा सिस्टर आल्या. तालुक्यातल्या उपकेंद्रांवर पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबलेल्या बाई. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी अख्खा गाव त्यांना सिस्टरच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलकासा झटका येऊन गेला. चालणं सुधारलं, पण बोलता बोलता मध्येच अडतात. त्यांनी जुन्या साडीच्या घडीत गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसल्या.

"काय त्रास देऊन राह्यला, सिस्टरबाई?"

"अरे गफ्फार, हा बंदच होत नाही. सात महिने झाले. रोज बंद हो म्हणते, रोज नाही म्हणतो. काल पुण्याहून मितालीचा फोन आला, म्हणे आई, रीस्टार्ट कर. तर तेही करत नाही. तापतो नुसता."

"सात महिने? मंग इतके दिवस कायले थांबल्या तुमी?"

"झाकण लावलं की झोपतो. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला."

भाईंनी झाकण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मुलीनं आईसाठी सगळं मराठीत करून दिलं होतं. प्रारंभ, पुनर्प्रारंभ, जतन, असले एकेक शब्द. "मराठी मले येते सिस्टरबाई, पण हे मराठी काही मले येत नाही," भाई म्हणाले. वाचत बसायला त्यांना वेळही नव्हता. त्यांनी बटनावर अंगठा ठेवला.

"एक. दोन. तीन."

"त्यात माझं लिहिलेलं आहे रे. ते राहील नं?"

भाईंचा अंगठा चटकन वर आला. तोवर पडदा काळा झाला होता.

"काय लिहिलेलं?"

"नावं," सिस्टर म्हणाल्या. "बाळंतपणं केली नं मी, त्या बायांची. तेव्हा घाईत माझ्या वहीत मीच लिहायची, अमक्याची बायको, तमक्याची सून. बाईचं नाव कोण विचारतं? पण मला पाठ असायची सगळी. झटका आला तसं एकेक जायला लागलं. म्हटलं, आहेत तेवढी उतरवून काढू. सात महिने तेच करून राह्यली."

"सेव्ह केलं का?"

"म्हणजे?"

"ते... जतन, जतन."

"हां, विचारतं ते. बंद करायला गेलं की रोज विचारतं, शीर्षकहीनमधले बदल जतन करायचे का? आता मी बदल कुठं केला, सांग. नवीनच लिहिलं सगळं, एक अक्षर खोडलं नाही. म्हणून मी खालचं 'रद्द करा' दाबते. मग अजून एक येतं, 'तरीही बंद करा'. त्याला मी हात नाही लावला कधी. पेशंट नको म्हणत असताना सुई टोचल्यासारखं वाटतं ते."

 गफ्फारभाईंना आता सगळं कळलं. मशीन बिचारं शहाण्यासारखं रोज विचारत होतं, की बाई, या बिननावाच्या फाइलीत लिहिलेलं ठेवू का? आणि बाई म्हणायच्या, रद्द. म्हणजे बंद करणंच रद्द. हट्टी मशीन नव्हतंच. आणि तो 'रद्द' होता म्हणूनच सात महिन्यांची नावं आत टिकून होती. बाहेर ती कुठंच नव्हती. अंगठा तीनवरच उचलला होता; तेवढ्यानं मशीन नुसतं झोपलं असलं तर आहेत, खरोखर बंद झालं असलं तर गेली.  खूप भीती वाटली भाईंना, आणि भीती स्वतःच्याच अंगठ्याची वाटली.

"गेलं का रे?" सिस्टरनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "गफ्फार, मला हे दुसऱ्यांदा लिहिता यायचं नाही."

"थांबा. बटनाजवळ बारीक लाइट असते. लुकलुक करत असन तर झोपलेलं हाये."

पण दारातून ऊन सरळ काउंटरवर येत होतं आणि त्या उजेडात लाइट आहे की नाही, काही दिसेना. भाईंनी हाताचा आडोसा केला, जमेना. सिस्टरनी पदर काढून मशीनवर धरला आणि दोघांनी त्याखाली डोकी घातली. बोळीतून जाणारा एकजण थबकून पाहत राहिला. पाहू द्या. आत अंधार होता. भाई मनात मोजत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोजणं संपू नये असं वाटत होतं.

पांढरा ठिपका उजळला. विझला. पुन्हा उजळला.

"या अल्ला," भाई म्हणाले, "हाये."

मग त्यांनी बटन हलकेच एकदा टेकवलं. पडदा आला, त्यावर नावांची रांग आली. या वेळी भाईंनी प्रत्येक शब्द बोट ठेवून, मोठ्यानं वाचला. 'जतन करा' दाबलं. मशीननं फाइलचं नाव मागितलं, तर त्यांनी घाईघाईत 'कुंदा सिस्टर' टाकलं. जतन झालं. भाईंनी कपाळ पुसलं.

"माझं नाव कायले?" सिस्टर म्हणाल्या. "माझं नाव सगळ्या रजिस्टरांत आहे. पहिली जी बाई लिहिली नं, तिचं दे."

"सांगा."

"ती... तांड्यावरची. पोरगं पायाळू होतं, आधी पाय आले. तिची सासू दाराशी बसून मलाच शिव्या देत होती. बाईनं माझं मनगट असं धरलं होतं की चार दिवस वळ होता. तिचं नाव..." सिस्टर थांबल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांनी मनगटाकडे पाहिलं, तिथंच लिहिलेलं असावं तसं.

भाईंनी पान वर नेलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "एक. गंगी. भावसिंगची बायको."

"गंगी?" सिस्टर म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "गंगी. मी लिहिलं हे?"

"तुमीच लिहिलं."

"मला पोरगं आठवतं रे. सासू आठवते. हे नाव आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटून राह्यलं."

 भाईंनी फाइलचं नाव पुसून 'गंगी' केलं, मग 'बंद करा' दाबलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मशीन काहीही न विचारता बंद झालं.

"चालू कर," सिस्टर लगेच म्हणाल्या. "आहे का पाहू दे."

चालू केलं. होतं. तीनशे बारा नावं होती, शेवटच्या ओळीला तोच आकडा होता.

"वाच," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून नीट बसल्या.

गफ्फारभाई वाचायला लागले. अडखळत, पण एक शब्द न गाळता. प्रत्येक नावाला सिस्टर जराशा थांबायच्या, चेहरा शोधायच्या, आणि सापडो की न सापडो, एवढंच म्हणायच्या, "बरं झालं, लिहिलं."