कालचं पुसून

"आधी पुसायचं, मग लिहायचं," असं म्हणत चाचा ओलं फडकं पिळायचे. आमच्या चौकातल्या वार्ताफलकावर वर्षानुवर्षं त्यांचंच अक्षर होतं. शेजारी त्यांचं चष्म्याचं दुकान. शटर वर करण्याआधी फळा पुसायचा आणि खडूने चार ओळी लिहायच्या: कुणाचा सत्कार, कुठे पाणी येणार नाही, कोण गेलं. अशा फळ्यापाशी तुम्हीही कधी थांबला असाल. कालची एक रेघ जरी मागे राहिली तरी चाचा पुन्हा फडकं भिजवायचे.

अक्षर असं, की चष्म्याशिवाय वाचता यावं. धंद्याच्या दृष्टीने हे काही बरं नाही, असं मी एकदा म्हटलं.

"ज्यांना एवढंही दिसत नाही, ते आत येतातच," ते म्हणाले.

मग रस्ता रुंद झाला आणि फळा गेला. चाचा रोज सकाळी तेच फडकं घेऊन दुकानाची काच पुसत उभे राहायला लागले. मला ते बघवेना. मी हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. एवढं तर आपल्याला येतं, असं वाटलं. एका रविवारी त्यांना फुकटातला ब्लॉग काढून दिला, मोबाइलवर मराठी लिहायला शिकवलं. नागपूरला दिलेल्या त्यांच्या मुलीला लिंक पाठवली. अम्मीबद्दल काहीतरी लिहून ठेवा, म्हणून ती कधीची मागे लागली होती. चाचांनी एकच विचारलं, इथे जागा किती? हवी तेवढी, मी म्हटलं. ते त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

पण लिहायचे मात्र रोज. कंपनीच्या बसमध्ये मी वाचायची. एकदा त्यांनी बायकोबद्दल लिहिलं. लग्न होऊन आल्यावर तिला लांबचं दिसत नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी स्वतः तिचा चष्मा केला. तो लावून तिने नवऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाली, बरे आहात. मी बसमध्ये एकटीच हसत होते.

आठवड्याभराने मी ते एका मैत्रिणीला दाखवायला गेले, तर सापडेना. ब्लॉगवर फक्त त्या दिवशी सकाळचं लिखाण होतं. मी तशीच दुकानात गेले. चाचांनी शांतपणे सांगितलं, की रोज आधी कालचं काढून टाकतो आणि मग नवं लिहितो.

"अहो, शिळं तसंच राहिलं तर लोकांना वाटतं, लिहिणारा गेला."

इथे जुनंही राहतं, नव्याच्या खाली जाऊन बसतं, मुलीला ते हवं असेल, असं मी परोपरीने सांगितलं. ते विचारात पडले. रविवारी बसून दाखवा, म्हणाले. त्या रविवारी मला काम निघालं. पुढच्या रविवारी ते दवाखान्यात होते, आणि तिथून परत आले नाहीत.

मुलगी दुकान आवरायला आली. अब्बा रोज फोनवर विचारायचे, वाचलंस का, आणि ती रोज हो म्हणायची. सुट्टीत सगळं एकदम वाचायचं तिने ठरवलं होतं. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि जुनं कुठे दिसतं, असं विचारलं. पुसलेलं परत आणायची सोय मी आधीच शोधून पाहिली होती. नव्हती. चाचा रोज कालचं काढून टाकायचे, हे मी तिला सांगितलं.

मग मी तिला चष्म्याची गोष्ट सांगितली, आठवली तशी. तिने ती मान खाली घालून ऐकली.

"शब्द कोणते होते अब्बांचे?" तिने विचारलं.

मला ते आठवेनात. अजूनही आठवत नाहीत.

ब्लॉगवर आता एकच नोंद आहे: 'उद्या दुकान बंद राहील. चष्मे न्यायला येणाऱ्यांनी परवा यावे.' पासवर्ड माझ्याकडे आहे, पण पुसायला हात होत नाही. तिथे रोज दोन वाचक दिसतात. त्यांतली एक मी.