बाईंचं जंगल आणि आम्ही

मुलींच्या हॉस्टेलात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. रविवारी शेंगा खाल्ल्या की खाटेखाली टरफलं साठतात ना, तसेच! मी वर्गात फारसं बोलत नाही. त्यामुळे ऐकलेलं सगळं माझ्याजवळ शाबूत राहतं. त्यातले हे जंगलाचे किस्से.

साताऱ्याच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायला नव्या लिमयेबाई आल्या. त्या पुण्याच्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी आम्हाला डोळे मिटून बसवलं आणि म्हणाल्या, "मनातल्या मनात एका जंगलातून चालायचं. वाटेत काय दिसतं ते मी सांगेन, तुम्ही काय कराल ते तुम्ही सांगायचं. त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो. ही टेस्ट आहे."

"नापास झालं तर?" आक्कूनं विचारलं.

"यात नापास कुणी होत नाही."

"मग टेस्ट कसली, बाई?"

* * *

आक्कू कराडकडची. घरी ऊस, गुऱ्हाळ आणि माणसांचा राबता. तिचाच पहिला नंबर लागला.

"वाटेत एक भांडं पडलंय," बाई म्हणाल्या. "काय करशील?"

"नाव कुणाचं हाय त्याच्यावर?"

"नाव नाही."

"असं कसं? नाव घातल्याबिगर भांडं कोण घरात ठेवतंय? नीट बघा, काठाखाली असंल."

बाईंनी पुष्कळ समजावलं. आक्कू भांड्यापासून हलेना. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "बरं, माझं नाव आहे. झालं?"

आक्कूनं खाडकन डोळे उघडले. "मग तुमचं भांडं जंगलात कसं काय, बाई?"

* * *

बानी जतकडची, मेंढपाळाच्या घरातली. ती फार मनापासून डोळे मिटून बसली.

"जंगल कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"लय हिरवंगार."

"छान! चल आत."

"न्हाई. मेंढरं आत शिरली की गार्ड धरतोय."

"अगं, तुझ्याबरोबर मेंढरं नाहीत. तू एकटी आहेस."

बानीचा चेहरा पांढराफटक पडला. "एकटी? मग मेंढरं कुणापाशी सोडली मी?"

त्या दिवशी तिची टेस्ट तिथंच थांबली. रात्री जेवतानासुद्धा ती बोटांवर मेंढरं मोजत होती!

* * *

पुढच्या शनिवारी हेडमास्तर आले. भूगोलाच्या नावाखाली काय चाललंय ते बघायला. बाईंनी त्यांनाच खुर्ची दिली. "सर, आपणही डोळे मिटा ना."

आम्ही श्वास रोखून बसलो. सरांनी चष्मा काढला आणि खरंच डोळे मिटले!

"आपण जंगलातून चालला आहात. समोर एक उंच भिंत लागली. काय कराल?"

सर कपाळाला आठी घालून म्हणाले, "कुणाच्या परवानगीनं बांधली?"

* * *

माझी पाळी आली की मी जंगलाच्या तोंडाशीच अडायची. बाई विचारत, "जंगल कसं आहे?" मी पदराशी चाळा करत उभी. एकदा तर आक्कू ओरडली, "बाई, हिला मागनं ढकला! न्हाईतर बाहेरच अंधार पडंल."

पण माझं हे न बोलणं पुढं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी घरून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला. पाहुणे बघायला येणार, पसंत पडली तर शाळा याच वर्षी बंद. मला मॅट्रिक व्हायचं होतं. हे मी आजवर कुणालाच मोठ्यानं सांगितलेलं नव्हतं.

बानीला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोल की गं तिथं! कापाय नेताना मेंढरूसुदिक वरडतंय."

मी ठरवलं. बोलायचंच.

* * *

आमचं गाव तासगावजवळ. आबा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, पाहुणाही फौजेतलाच, रजेवर आलेला. मी पाटावर बसले. त्याच्या मामांनी नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं. मग सगळेच म्हणतात तसं तेही म्हणाले, "मुलीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या." हे फक्त म्हणायचं असतं. आमच्याकडं कुठलीही मुलगी काही विचारत नाही.

मी मान वर केली. "तुम्ही जंगलातून चालला आहात. बरोबर बायको आहे. ती पुढं की मागं?"

पाहुण्यानं मामांकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते. "मागं," तो म्हणाला.

"तिच्या डोक्यावर काय आहे?"

"गठुडं असंल."

"त्यात माझी पुस्तकं आहेत. मॅट्रिक झाल्याशिवाय मी त्या जंगलात यायची नाही."

चुलीपाशी आईच्या हातातली पळी खाली पडली. मामांनी चहाची बशी हळूच जमिनीवर ठेवली आणि आबांकडं वळले.

"आवं हवालदार, तुमी तर सांगितलं हुतं, पोरीला तोंडच न्हाई!"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मलाबी आत्ताच कळलं, पाव्हणं. आता आणिक काय काय बोलतीया, ते मॅट्रिकपातूर ऐकतो म्हणतो!"