नाचायचं असेल तर बाल्कनीत या

थिएटरात तिला सगळे टॉर्चताई म्हणत. नवरा गेला तेव्हा ती तिथे डोअरकीपर म्हणून लागली. हातात टॉर्च घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायची. पुढे तिकिटाची खिडकी आली, मग साफसफाईवर देखरेख, मग गिऱ्हाइकांची भांडणं मिटवणं. असं करत करत अख्खं थिएटर तिच्या गळ्यात पडलं, पण नाव काही बदललं नाही. मालकसुद्धा तिला टॉर्चताईच म्हणायचे.

थिएटर जुनं, एकाच पडद्याचं. पण तो पडदा म्हणजे पडदा होता. खालच्या पहिल्या रांगेत बसलं तर नटाचं एक टोक बघायला मान एकीकडे आणि दुसरं टोक बघायला दुसरीकडे. गावात नवीन मॉल झाला, त्यात खोल्यांएवढी चार थिएटरं निघाली, आणि लोक गार हवा आणि मऊ खुर्च्यांच्या मागे तिकडे गेले. इकडे एकेका खेळाला अशी अवस्था, की बघणाऱ्यांनी एकमेकांना नमस्कार करून ओळख करून घ्यावी.

घरी ती आणि तिची धाकटी नणंद. नणंद कपडे शिवायची. तोंडात सतत टाचण्या धरलेल्या, आणि टाचण्या काढल्या की बोलणंही तसंच टोचरं, म्हणून तिला टाचणी म्हणायचे. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलायचं नाही आणि एकमेकींशी एक दिवस भांडणाशिवाय जायचा नाही.

एका मोठ्या गायिकेच्या कार्यक्रमाचा सिनेमा मॉलमध्ये येणार होता, आणि इथेही. मैदानात झालेली तिची मैफल, हजारो माणसं, दिवे, नाच, सगळं पडद्यावर. मॉलवाल्यांनी चौकाचौकात फलक लावले. मालक म्हणाले, "आपण काय लावणार? माझं तोंड?"

टॉर्चताईने फोनवर व्हिडिओ केला. पडद्यासमोर ताठ उभी राहून खेळांच्या वेळा वाचून दाखवल्या. तो नातेवाइकांनी पाहिला, त्यातल्याही निम्म्यांनी पुरता नाही.

"वहिनी," टाचणी म्हणाली, "तू सिनेमाला बोलावतेयस की कोण गेलं ते कळवतेयस?"

"मग तू करून दाखव."

टाचणीने खरंच करून दाखवलं. ऑपरेटरने सिनेमाची झलक लावली आणि गायिकेच्या चेहऱ्याने पडदा भरला तिथे थांबवली. टाचणी स्टूलावर चढली, गळ्यातली टेप काढली आणि पडद्यावरच्या पापणीचं माप घ्यायला लागली. माप घेता घेता कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, "हिची पापणी माझ्यापेक्षा उंच आहे हो. झगा शिवायचा तर शामियान्याचं कापड आणावं लागेल." टॉर्चताईला फोनवर हे टिपता टिपता हसू आवरेना, फोन हलला. तेही तसंच ठेवलं. शेवटी मागून तिचाच आवाज होता: "एवढा पडदा गावात दुसरा नाही. आणि नाचायचं असेल तर बाल्कनीत या, कोणी बसा म्हणणार नाही!"

हे शेवटचं वाक्य तिला आयत्या वेळी सुचलं होतं. खाली म्हातारीकोतारी बसतील, नाचणारे वर गेलेले बरे, एवढाच विचार.

व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी फोन हातात धरवेना. गायिकेच्या चाहत्यांनी तो उचलून धरला. परगावची मुलं विचारायला लागली. भाजीवाला टाचणीला बघून पापणी मोजायची खूण करायला लागला. रविवारच्या संध्याकाळच्या खेळाची बाल्कनी सगळ्यात आधी भरली. मालकांनी नवा सदरा घातला.

खेळ सुरू झाला तेव्हा टॉर्चताई खाली, शेवटच्या रांगेमागे उभी होती. पडद्यावर गायिका आली आणि थिएटरने असा काही आवाज केला, की तिच्या अंगावर काटा आला. वर बाल्कनीत टाचणी होती, पहिल्या रांगेत, कंबर कसून. एखाद्या लग्नघरच्या यजमानीणबाईसारखी सगळ्यांना उठवून नाचवत होती.

दुसऱ्या नाचाच्या गाण्याला टॉर्चताईच्या खांद्यावर काहीतरी पडलं. तिने झटकलं. चुन्याची पूड होती. जुनं थिएटर, एवढा मोठा आवाज, पडायचीच. तिने वर पाहिलं. बाल्कनीच्या पोटाला टांगलेला पंखा झुलत होता. बंद होता, तरी झुलत होता. स्पीकरच्या धक्क्याने असेल. तेवढ्यात गाण्यात गायिका मध्येच गप्प झाली, हात वर करून नुसती उभी राहिली. संगीत थांबलं. वरचे लोक मात्र ठेक्यावर उड्या मारतच होते, आणि पंखा त्यांच्याच तालात झुलत होता.

म्हणजे स्पीकर नव्हता, बाल्कनीच हलत होती. मालकांना सांगावं म्हणून ती डाव्या हाताच्या मागच्या दाराकडे गेली आणि दार ढकललं. उघडेना. हे दार बोट लावलं तरी उघडायचं. सकाळी तिने स्वतः उघडलं होतं, केर काढून घेतला होता. तिने खांदा लावला. दार वरून चौकटीत घट्ट बसलं होतं, जणू कोणीतरी वरून चौकट दाबून धरली होती.

बाल्कनीची तुळई त्या दारावरून जायची.

पलीकडच्या दाराने ती बाहेर धावली. मालक व्हरांड्यात लोकांचे आवाज ऐकत उभे होते, चेहरा उजळलेला.

"मालक, बाल्कनी खचतेय."

"काय बोलतेस!"

"डाव्या हाताचं दार बसलंय. चौकट दबलीय."

"अगं, हवेने फुगतं लाकूड."

"सकाळी उघडत होतं. एका दिवसात फुगलं?"

मालकांनी आतल्या आरोळ्यांकडे मान वळवली. मग हळूच म्हणाले, "टॉर्चताई, आज कितीतरी वर्षांनी हे थिएटर भरलंय. तू आता सिनेमा बंद केलास तर खुर्च्या मोडतील. आणि काही नसलं तर? गावभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

काही नसलं तर. तेच तिच्याही मनात होतं. ती शिकलेली इंजिनिअर थोडीच होती. पण आत जे उड्या मारत होते त्यांना वर कोणी बोलावलं होतं? तिनेच. तिच्या आवाजात, हसत हसत.

"तुम्ही आत जा आणि पंखा बघा," ती म्हणाली. "मी ऑपरेटरकडे जाते."

ऑपरेटरची केबिन बाल्कनीच्या मागे. वर जायला एकच अरुंद जिना, मध्ये वळण. दुसरा जिना होता, पण त्यात मोडक्या खुर्च्या रचून कुलूप घातलेलं. वळणावर तिचे पाय क्षणभर थांबले. वर कोणी "पडलं, पळा" म्हणून ओरडलं, तर सगळे याच वळणावर येऊन कोसळणार होते. मग बाल्कनी पडली काय आणि न पडली काय.

बाल्कनीत पाय टाकला आणि जमीन बोटीसारखी लागली. चप्पलेखाली ती वर येत होती, खाली जात होती.

केबिनमध्ये ऑपरेटर मान डोलावत बसला होता. तिने दार लावलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा हात लगेच बटणाकडे गेला. तिने तो धरला.

"नको. मध्येच बंद पडलं की लोक काय करतात?"

त्याने हात मागे घेतला. वर्षानुवर्षं थिएटरात काढलेली दोन माणसं ती. सिनेमा तुटला की लोक शिट्ट्या मारतात आणि पाय आपटतात. सगळे मिळून, एकदम.

"संथ गाणं कधी आहे?"

"हे संपलं की. पियानोवरचं. त्याच्या मागोमाग मात्र मोठा नाच आहे."

"तो नाच लागायला नको. पियानोचं गाणं संपलं की परत तेच लाव. मी हात करेपर्यंत लावत राहा."

म्हणजे हे नाचाचं गाणं संपेपर्यंत थांबायचं. केबिनच्या काचेतून तिला माणसांच्या पाठी दिसत होत्या, वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या, आणि त्यांच्यात टाचणीचे मोकळे सुटलेले केस. एवढं लांब गाणं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. दर वेळी वाटे संपलं, आणि गायिका पुन्हा नव्याने उचलायची. टॉर्चताईने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

अखेर संपलं. टाळ्या, शिट्ट्या, आणि मग पियानो. लोक धापा टाकत बसले, फोनचे दिवे लावून हात हळूहळू हलवायला लागले.

ती वाकून टाचणीपर्यंत गेली. "वन्सं, उठा."

वन्सं म्हटल्याबरोबर टाचणीने मान वळवली. वहिनी तिला तसं एरवी फक्त कडाक्याच्या भांडणातच म्हणायची. चेहरा पाहिला आणि तिने कान जवळ आणला.

"यांना खाली न्यायचंय. बाहेरच्या बोळातून पडद्याजवळच्या दाराशी. एकेक रांग. पळापळ नको, कारण सांगायचं नाही. व्हिडिओ काढायचाय म्हण, काय वाटेल ते म्हण."

टाचणी उठली आणि आवाजात सगळा लाडीगोडीचा साठा ओतून म्हणाली, "चला मंडळी, पडद्यापाशी सगळ्यांचा व्हिडिओ! मागची रांग आधी. हळू या, जिना माझ्यासारखाच आहे, अंगावर आलेलं त्याला खपत नाही."

हसत हसत पहिली रांग उठली, मग दुसरी. टॉर्चताई वळणावर उभी राहिली. एकेकाच्या कोपराला हात लावून खाली सोडत राहिली, "सावकाश, घाई नाही," म्हणत राहिली, आणि तिचं सगळं लक्ष पायाखाली होतं.

पियानोचं गाणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं. लोक हसले. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा खालून आरडाओरडा झाला. "अरे, तबकडी अडकली का?" वर अजून बरेच जण होते, आणि मधल्या रांगेतली पाच-सहा मुलं बसूनच राहिली. "आम्ही नाही येत. पुढचं गाणं आमचं आहे." एकाने खाली पाय आपटला. दुसऱ्याने आपटला.

ती त्यांच्याजवळ गेली.

"तुम्हीच म्हणालात ना, नाचायचं असेल तर बाल्कनीत या?" त्यांच्यातला उंच मुलगा म्हणाला.

ती त्याच्या कानाशी वाकली. "म्हणाले. चुकलं माझं. ही बाल्कनी तुमचा भार घेत नाहीये. ओरडू नकोस, बाळा. यांना उठव आणि चालत खाली ने."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्याने आधी जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि शेजारच्याच्या मानगुटीला धरून म्हणाला, "चल रे, भूक लागलीय." एकेकाला उठवत त्याने सगळ्यांना पुढे घातलं.

खाली मालकांनी पंखा पाहिला होता. नव्या सदऱ्याच्या बाह्या सारून ते शेवटच्या रांगांना पुढे हाकत होते. "पुढे सरका, पुढून फार छान दिसतं," हे ते अशा लोकांना सांगत होते ज्यांनी पुढे बसायला लागू नये म्हणून जास्तीचं तिकीट काढलं होतं. लोक शिव्या घालत होते, पण उठत होते.

बाल्कनी रिकामी झाली तेव्हा टॉर्चताईने काचेकडे हात केला. पडदा पांढरा झाला. खाली पडद्यापाशी येऊन तिने माइक घेतला आणि खरं काय ते सांगितलं. मग कोणीतरी ओरडलं, "आधी व्हिडिओ म्हणून फसवलं, आता हे!" आणि गोंधळ उठला. पडद्याजवळची दारं उघडी होती. लोक बडबडत, हातवारे करत, फोन तिच्या तोंडासमोर धरत बाहेर पडले. शेवटचा माणूस गेल्यावर ती पायरीवर बसली. टाचणीने तिला काखेत हात घालून उठवलं.

त्या संध्याकाळी काहीही पडलं नाही. पंखासुद्धा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचेच व्हिडिओ फिरायला लागले. नाचाच्या ऐन भरात गाणं बंद पाडणारी बाई. व्हिडिओखाली लोकांनी तोंडसुख घेतलं: तिकिटं जास्त विकली असतील, मशीन बिघडलं असेल, प्रसिद्धीचं नाटक असेल. ती वाचत बसली की टाचणी फोन हिसकावून घ्यायची, आणि मग स्वतः न्हाणीघरात जाऊन वाचायची.

नगरपालिकेने पाठवलेल्या इंजिनिअर बाईंनी तुळईचं प्लास्टर फोडून पाहिलं. आतलं लोखंड गंजून पापुद्रे निघालेले. टॉर्चताईने विचारलं, "अजून एक नाच झाला असता तर?"

"पडली असती असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "नसती पडली असंही म्हणणार नाही. माझी मुलं मी तिथे उभी केली नसती."

हे सगळं व्हिडिओ करून टाकायचं तिने ठरवलं. मालक हात जोडून म्हणाले, "नको गं. एकदा लोकांनी तो गंज पाहिला की पुन्हा कोण पाऊल टाकेल इथे?"

"मालक, बोलावताना मी बोलले. आता गप्प बसले तर पुढच्या वेळी कोण ऐकेल माझं?"

तिने तो बंद दरवाजा दाखवला, खांदा लावून ढकलून दाखवला, उघडलेली तुळई दाखवली. या वेळी फोन हलला नाही. पापणीच्या व्हिडिओच्या मानाने तो फार थोड्यांनी पाहिला. त्या उंच मुलाने खाली एवढंच लिहिलं, की मी तिथे होतो आणि जमीन हलत होती. मालक काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस येऊन, बाल्कनी काढून टाकायला काय काय करावं लागेल ते तिलाच विचारत बसले.

थिएटर उघडलं तेव्हा दुसरा कुठला तरी गाण्यांचा सिनेमा होता. बाल्कनी नव्हती. खाली जेमतेम अर्ध्या खुर्च्या भरल्या. दिवे मालवले, सिनेमातल्या वादकांनी सुरुवात केली, पडदाभर प्रकाश आला आणि लोक उठून खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला लागले. टॉर्चताई नेहमीसारखी मागे उभी होती. टाचणीने तिला हाताला धरून ओढलं आणि खुर्चीत बसवलं.

"वर काय बघतेस? गाणारी समोर आहे."

"बघते गं समोर," ती म्हणाली. पण पहिलं गाणं संपेपर्यंत तिची नजर छताकडेच होती.