पाण्याचा घरचा शब्द

महाराष्ट्र नवा नवा झाला त्या वर्षांत चिखलीच्या बैलबाजारात हबीब नालबंदाला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. नाल ठोकणारे आणखीही होते. पण हबीबची तऱ्हाच न्यारी. बैल दोरानं पाडला, पाय बांधले, की तो आधी धन्याला विचारायचा, "घरी पाणी पाजताना याले काय म्हणता, भाऊ?"

लोक हसायचे. "पाणीच म्हणतो ना बे, दुसरं काय म्हणन?"

पण सगळे पाणीच म्हणत नव्हते ना! खानदेशातला बैल 'पानी' ऐकत वाढलेला, सातपुड्यातल्या कोरकूंचा 'डा' ऐकत, अन् आदिलाबादकडून आलेला 'नीळ्ळु'. तोच शब्द हबीब बैलाच्या कानाशी वाकून म्हणत राही. लाथा झाडणारं जनावर खरंच निवायचं, मग हातोडी चाले.

त्याची बायको गौसिया आदिलाबादपलीकडच्या पिंजाऱ्याची लेक. माहेरी सगळं तेलुगू. ती लग्न होऊन आली तसं सासूनं बजावलं, "ये तेलंगी बोली इस घर में नइ चलेगी." बिचारीनं जीभ आवरली ती आवरलीच. सासू गेली, पोरी सासरी गेल्या, तरी गौसिया मोजकंच बोले. हबीब खुशाल म्हणायचा, बाईचा स्वभावच अबोल. घ्या आता!

एका उन्हाळ्यात तिला ताप भरला, तो उतरेचना. डॉक्टरनं सुई दिली आणि स्पष्ट सांगितलं, पोटात पाणी गेलं नाही तर बाई हातची जाईल. हबीब वाटी घेऊन उशाशी बसला. "पानी पी, गौसिया. थोडा पानी." ती दात आवळून तोंड फिरवी. शेजारच्या सिंधूताईनं चमच्यानं पाजून पाहिलं, तर सगळं उशीवर ओघळलं. गौसिया तापात सारखी पुटपुटत होती.

"काय बोलून राह्यली हो ही?" सिंधूताई रडकुंडीला आली.

हबीबनं कान दिला. हे बोलणं त्यानं ऐकलेलं होतं, पण बाजारात. तो बैलाच्या कानाशी वाकायचा तसाच वाकला आणि म्हणाला, "नीळ्ळु, गौसिया. नीळ्ळु."

पुटपुटणं थांबलं. ओठ उघडले. एक घोट गेला, मग दुसरा. सिंधूताईनं पदरानं डोळे पुसले.

गौसिया उठून चुलीपाशी बसू लागली तेव्हा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "वो लफ्ज कहाँ से सीखे?"

"बैलां के वास्ते सीखा था."

"बैलां को पूछे," ती म्हणाली, "मेरेकु कभी नइ पूछे."

हबीबची मान खाली गेली. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. मग त्यानं मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं. "इसको क्या बोलते, तुम्हारे घर?"

"उप्पु," गौसिया म्हणाली. आणि मग जी बोलत सुटली, ती तव्यावरची भाकरी करपली तरी थांबली नाही.