एक जूनची नऊ मुलं

रविवार, १ जून २०२५, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. करोल बागेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मराठी मुलांची अभ्यासिका आहे. तिथे गुलाबराव पतंगे फळ्यावर दिनविशेष लिहीत होते. १९३० : डेक्कन क्वीन धावू लागली. १९४८ : एसटीची पहिली बस, पुणे ते अहमदनगर. २००१ : नेपाळच्या राजवाड्यात हत्याकांड. ‘मृत्यू’समोर नीलम संजीव रेड्डी, १९९६. ‘जन्म’ हा शब्द लिहून त्यांनी पुढची जागा मोकळी सोडली. एक जूनला ती जागा मुलं भरतात.

गुलाबराव हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी शिक्षक होते, नंतर मुख्याध्यापक. २००८ साली निवृत्त झाले. पत्नी वारल्यावर मुलगा अनुराग त्यांना दिल्लीला घेऊन आला. अनुराग केंद्र सरकारात अधिकारी आहे, घर लक्ष्मीबाई नगरात. घरी नातवंडं हिंदी बोलतात आणि ‘अंगारा’ म्हणजे काय ते गुगलवर बघतात. सहा वर्षांपूर्वी गुलाबराव या अभ्यासिकेत सहज आले होते. फळा कोरा दिसला, म्हणून त्यांनी खडू मागितला. तेव्हापासून, टाळेबंदी सोडली तर, एक दिवस चुकलेला नाही.

त्यांचा नियम एकच : दोन पुरावे मिळाल्याशिवाय तारीख फळ्यावर जात नाही. एका नामांकित क्लासच्या मासिकाने एका लढाईची तारीख एका दिवसाने चुकवली, तेव्हा त्यांनी मासिकाला तीन पोस्टकार्डं पाठवली. मागच्या वर्षी वैभवी नावाच्या मुलीने लग्न ठरल्याचं सांगितलं, तर मागून कोणी तरी ओरडलं, “गुरुजींना दुसरा पुरावा दाखव आधी!” त्या दिवशी गुलाबरावही हसले होते.

आठ वाजता ऋग्वेद केक घेऊन आला. ऋग्वेद नांदेडचा, अभ्यासिकेची किल्ली त्याच्याकडे असते.

“चलो, एक जूनवाले पुढे या. नऊ जण, एकच केक. सामूहिक विवाह असतो ना, तसा सामूहिक बर्थडे.”

नावं फळ्यावर चढू लागली. परभणी, बुलढाणा, यवतमाळ, जालना. खेड्यापाड्यांतल्या शाळांत जूनमध्ये मुलाला पहिलीत घालताना वय भरायला हवं, म्हणून गुरुजी एक जून टाकत. आईबापही हरकत घेत नसत. जन्माची तारीख आईच्या लक्षात असे ती सणावरून किंवा सुगीवरून, आणि रजिस्टरात सणाचा रकाना नसतो.

नववं नाव देवयानी कऱ्हाळेचं होतं. ते ऋग्वेदनेच लिहिलं. देवयानी सतरा नंबरच्या खुर्चीवर बसून होती.

“ये ना यार, मेणबत्ती विझतेय.”

“माझा वाढदिवस दसऱ्याला असतो,” ती म्हणाली. “तेव्हा आण केक.”

देवयानी गुलाबरावांच्याच गावची. जून २००० मध्ये तिला पहिलीत त्यांनीच घेतलं. रजिस्टरातली नोंद त्यांच्या अक्षरात आहे : जन्म १ जून १९९४. प्रत्यक्षात ती १४ ऑक्टोबर १९९४ ला जन्मली. साडेचार महिन्यांचा फरक कुणाच्या लक्षात राहिला नसता. पण नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटातला उमेदवार १ ऑगस्टला बत्तीस वर्षांचा झालेला चालत नाही. दहावीच्या सनदेवरच्या तारखेने देवयानी पुढच्या जूनमध्ये बत्तीस पूर्ण करते. खऱ्या तारखेने ऑक्टोबरमध्ये. सहापैकी पाच प्रयत्न झाले आहेत. पाचवा आठवड्यापूर्वी, २५ मेला झाला आणि पेपर वाईट गेला. सहावा तिच्या हातात आहे, पण कागदावर नाही.

बोर्ड आता तारीख बदलत नाही, आयोगही नाही. औरंगाबाद खंडपीठातल्या एका वकिलाने मात्र तिला सांगितलं होतं की आशा थोडी आहे. नोंद करणारा मुख्याध्यापक हयात असेल आणि कसलाही कागद न बघता तारीख टाकली असं शपथेवर लिहून देत असेल, तरच केस उभी राहील. मार्च महिन्यात तिने मसुदा गुलाबरावांना दिला. ‘वाचून सांगतो’ असं ते म्हणाले होते.

केक संपल्यावर ती फळ्याजवळ आली. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

“गुरुजी, आज सांगा. वकील कोर्टाच्या सुट्टीनंतर लगेच दाखल करू म्हणतात.”

“पुरावे आणलेस?”

तिने दोन कागद टेबलावर ठेवले. ग्रामीण रुग्णालयाच्या जन्मनोंदीचा उतारा आणि लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड. गुलाबरावांनी चष्मा पुसला. शिक्के पाहिले, नोंद क्रमांक ताडून पाहिला, आईचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का ते पाहिलं. सात-आठ मिनिटं गेली.

“तारीख बरोबर आहे,” ते म्हणाले. “चौदा ऑक्टोबर.”

“मग सही?”

“रजिस्टरात ‘पालकांनी सांगितल्यावरून’ असं लिहिलंय.”

“आईने दसरा सांगितला होता. तुम्ही तिला म्हणालात, दसरा राहू द्या बाई, वय कमी पडतं.”

गुलाबराव खडूच्या डबीचं झाकण लावू लागले. “एकदा मी हे लिहून दिलं की माझ्या हातची प्रत्येक नोंद खोटी ठरते. बाराशे मुलं घातली मी शाळेत. उद्या सगळे दारात येतील.”

“बाराशेंमधले बाकीचे येणार नाहीत, गुरुजी. त्यांना कळलंसुद्धा नाही. आणि प्रत्येक नोंद खोटी नाही.” तिने पिशवीतून तिसरा कागद काढला. “एप्रिलमध्ये माझ्या नोंदीची नक्कल आणायला शाळेत गेले होते. सगळी रजिस्टरं चाळली. एकोणीसशे शहाऐंशीचं हे पान. तुमचंच अक्षर. बावीस मुलं. एकवीस जणांचा जन्म एक जूनचा.”

बाविसावं नाव अनुराग गुलाबराव पतंगे. जन्म २३ नोव्हेंबर १९७९.

“तो… त्याचा दाखला माझ्याकडे होता.”

“माझा आईकडे होता. तुम्ही मागितला नाहीत. अनुरागदादांना तर तुम्ही एक वर्ष थांबवलंत, साडेसहाव्या वर्षी घातलंत. आम्हाला कुणी विचारलं, थांबता का म्हणून?”

अनुराग नागरी सेवेत आला तो शेवटच्या प्रयत्नात, २००९ च्या परीक्षेतून. तेव्हा मर्यादा तीस वर्षांची होती. त्यालाही इतरांसारखं न थांबवता १९८५ साली शाळेत घालून १ जून १९७९ टाकली असती, तर तो त्या परीक्षेला बसूच शकला नसता. हा हिशेब अभ्यासिकेतल्या कुणालाही तोंडी करता येतो. ऋग्वेदने तो केला असावा. केकचा पुठ्ठा दुमडता दुमडता तो थांबला.

गुलाबराव गॅलरीत जाऊन फोनवर बोलले. गॅलरीचं दार नीट लागत नाही.

“अरे, ते वर्गाचं पान तिच्याकडे आहे… हो, तुझं नाव आहे त्यात… नाही, अजून नाही केली… बरं. बरं बाबा, नाही करत.”

आत येऊन त्यांनी मसुद्याची घडी सरळ केली आणि तो तिच्यापुढे सरकवला. दुसऱ्या परिच्छेदात गावाचा पिनकोड एका आकड्याने चुकला होता. तो त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केला होता. सहीची जागा कोरी होती.

“अनुराग म्हणतो, प्रमोशनची फाईल वर गेलीय. ते पान कोर्टात निघालं तर त्याच्याही नावाची चर्चा होईल. आत्ता काही नको. वर्षभराने बघू.”

“वर्षभराने मी बत्तीस पूर्ण केलेली असेन, गुरुजी. तुमच्या हिशेबाने.”

देवयानीने तिन्ही कागद आणि मसुदा पिशवीत घातला. मग फळ्यावरचं नववं नाव तळहाताने पुसलं. ‘जन्म’समोर आठ नावं राहिली आणि एक पांढरा पट्टा. दुपारी तिने सतरा नंबरची खुर्ची सोडत असल्याचं नोंदवहीत लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

गुलाबराव दुसऱ्या दिवशीचा फळा आदल्या संध्याकाळी चिठ्ठीवर उतरवून ठेवतात. ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात असते. उद्या सोमवार, २ जून. अभ्यासिका सहाला उघडेल, गुलाबराव सात वाजून चाळीस मिनिटांनी खडू हातात घेतील. पहिली ओळ : २०१४, तेलंगण राज्याची स्थापना. चिठ्ठीवर त्या ओळीपुढे दोन पुरावे लिहिलेले आहेत.