स्कोअरिंग विषय

माझ्या मुलीला इंग्लिश हा विषय मी सोडायला लावला. हे वाक्य आत्ता लिहिते आहे तितक्या सरळपणे तेव्हा एकदा जरी बोलले असते, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित नसतंही झालं. ते आता कळायला मार्ग नाही, आणि तेच मला छळतं.

आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला राहत होतो. मी रोज ट्रेननं वेलिंग्टनला जाऊन एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. नवराही आयटीतच. दोघं पुण्याचे, दोघं लहानपणापासून 'हुशार' म्हणून मिरवलेले. मुलगी सहा वर्षांची असताना इथे आलो. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमधून यायचं. इथल्या दुधानं म्हणा की हवेनं, आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी झालं नाही इतकी ती उंच झाली आणि बास्केटबॉल खेळायला लागली. चांगली खेळते असं सगळे म्हणायचे. मी 'व्यायाम होतो' म्हणून सोडून दिलं होतं.

इथे शाळा तेरावीपर्यंत असते. हा शब्द माझ्या आईला फोनवर कधीच आवडला नाही. 'बारावीनंतरची म्हण' म्हणायची. तर बारावीच्या शेवटी, पुढल्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म घरी आला. इंग्लिश तोपर्यंत सक्तीचं होतं, तेरावीला ऐच्छिक. मुलीनं त्याच्यापुढे खूण करून फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

मी तिचा निकाल काढून बसले. इथे शंभरपैकी किती हा प्रश्नच नाही. 'अचीव्हड' म्हणजे पास, त्यावर 'मेरिट', त्यावर 'एक्सलन्स'. गणितात, अकाउंटिंगमध्ये तिला एक्सलन्स होतं आणि इंग्लिशमध्ये ओळीनं नुसतं अचीव्हड. माझ्या डोळ्यांना ते काठावर पास दिसलं.

"हे सोड," मी म्हटलं. "भाषा कधी स्कोअरिंग नसते. तपासणाऱ्याच्या मर्जीवर सगळं. स्टॅटिस्टिक्स घे त्याऐवजी."

"बट आय लाइक इट, आई."

"आवडतं ते लायब्ररीत जाऊन वाच. मार्कशीटवर कशाला?"

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "घेऊ दे ना तिला." मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो पेपरात शिरला.

स्वतः मी दहावीला संस्कृत घेतलं होतं ते स्कोअरिंग म्हणून. मार्क भरघोस पडले आणि आज एक सुभाषित धड आठवत नाही. पण आमच्या शाळेत वर्गच्या वर्ग असं करायचा, आणि त्यात चूक आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. मी तिची खूण खोडली, स्टॅटिस्टिक्ससमोर नवी केली आणि खाली सही ठोकली. ती चेंडू घेऊन मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ नुसता आपटत बसली. मला कपडे वाळत घालायचे होते, म्हणून मी तिला जरा बाजूला हो म्हणून सांगितलं.

तेरावीच्या जुलैमध्ये ती ऑकलंडला एका स्पर्धेला गेली. तिथे एका अमेरिकन कॉलेजच्या बाईंनी तिला पाहिलं, आणि ऑगस्टमध्ये तिच्या कोचकडे ईमेल आलं. संघात जागा, चार वर्षांचं शिक्षण, राहणं-खाणं, सगळं त्यांच्याकडून. तिची कोच शाळेत पीई, म्हणजे आपलं पीटी, शिकवायची. चाळिशीची, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून हिंडणारी, आवाज असा की जिमच्या बाहेर ऐकू यावा. ती ते ईमेल छापून घेऊन स्वतः आमच्या घरी आली आणि दारातच मुलीला मिठी मारून रडायला लागली. मुलगीही रडली. मी पहिल्यांदाच तिला खेळापायी रडताना पाहिलं आणि मला कळलं की हा व्यायाम नव्हता. पोरीनं दुसरं काही मागितलंच नव्हतं आयुष्यात.

आता फक्त शाळेचा निकाल अमेरिकेत पाठवायचा होता. तिकडे एक कचेरी होती. खेळाडू मूल कॉलेजात खेळायला पात्र आहे की नाही, ते तिथे तपासायचे. औपचारिकता, असं कोच म्हणाली. सप्टेंबरात त्यांचं उत्तर आलं. शाळेच्या शेवटच्या चारही वर्षांचं इंग्लिश लागतं. विद्यार्थिनीकडे तीन वर्षांचं आहे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गणित भरपूर, विज्ञान भरपूर, स्कोअरिंग विषयांची तर रेलचेल. आणि इंग्लिश नाही! ज्या भाषेत पोरगी स्वप्नं बघत होती, तीच कमी पडली.

त्यानंतरच्या दिवसांत मी जे केलं त्याला धडपड म्हणतात की वेड, माहीत नाही. रोज सकाळी सात वाजता, तिकडे आदल्या दिवशीची दुपार असायची तेव्हा, मी स्टेशनच्या फलाटावर उभी राहून फोनकार्डावरून त्या कचेरीला फोन लावायचे. वीस-वीस मिनिटं संगीत ऐकायचं. समोरून माझी ट्रेन निघून जायची. मग एखादी बाई यायची आणि तेच सांगायची.

एकदा मी ओरडले, "अहो, ती माझ्याशी, स्वतःच्या आईशी, इंग्लिशमध्ये बोलते!"

"छानच आहे, मॅडम," ती बाई म्हणाली. "पण ते निकालपत्रकावर आहे का?"

फलाटावर शेजारी उभा असलेला एक माणूस माझ्याकडे बघत होता. मी त्याला इथल्या पद्धतीनं "किया ओरा" म्हणून नमस्कार केला आणि पाठ फिरवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दक्षिणेकडचा बोचरा वारा सुटला होता, त्यामुळे ते खपून गेलं.

मग शाळा. तेरावीच्या डीनची भेट घेतली. म्हणजे त्या वर्षाच्या मुलांकडे बघणारा शिक्षक. जाताना बेसनाचे लाडू नेले. आता लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला तो मार्ग दिसत होता. मी त्याला म्हटलं, वर्ष संपायला अजून अडीच महिने आहेत, तिला आत्ता इंग्लिशच्या वर्गात बसवा आणि पत्रात वर्षभर बसली असं लिहा. थोडं ॲडजस्ट करा. मी हाच शब्द वापरला.

तो भला माणूस होता. रागावला नाही. म्हणाला, वर्गात बसायला तिचं स्वागत आहे, पण वर्षभर असं मी लिहू शकत नाही, कारण ते खरं नाही. मग डबा उघडून म्हणाला, "चिअर्स," म्हणजे इथलं थँक्यू, "स्टाफरूममध्ये ठेवतो, सगळ्यांना आवडतील." लाच द्यायला गेले आणि नाश्ता देऊन आले.

मी हार मानली नाही. वर्ष ड्रॉप घेऊ, पुढल्या वर्षी नुसतं इंग्लिश करेल, म्हटलं. आमच्याकडे मेडिकलसाठी पोरं दोन-दोन वर्षं ड्रॉप घेतात. कोचनं समजावलं की कॉलेजला खेळाडू या वर्षी हवी आहे, जागा थांबत नाही. पत्रानं शिकवणाऱ्या शाळेला विचारलं. त्यांचे प्रवेश कधीच बंद झाले होते. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

शेवटी मी देव पाण्यात घातले. नुसतं म्हणायला नाही, खरोखर. चांदीचा गणपती काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी भरून त्यात ठेवला. मुलगी शाळेतून आली, भांड्याकडे बघून म्हणाली, "आई, व्हाय इज गणपती इन द सॅलड बोल?" मी सांगितलं. ती फ्रीजमधून दूध घेऊन खोलीत गेली. त्या सगळ्या दिवसांत तिनं मला एकदाही 'तुझ्यामुळे' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोचनं शेवटची वाट शोधून काढली. अपील. त्या कचेरीला अर्ज करायचा आणि सूट मागायची. एका शनिवारी सकाळी ती फॉर्म घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. नवरा गाडीचे टायर बदलायला गेला होता. टेबलाशी आम्ही तिघी.

कोचनं नियम वाचून दाखवला. मूल चुकीच्या सल्ल्यामुळे अडकलं असेल, त्याचा स्वतःचा दोष नसेल, तर विचार होऊ शकतो. खात्री नाही, पण होऊ शकतो.

"तर आता मला नीट सांग," ती मुलीला म्हणाली. "मी तुला अकरावीतच सांगितलं होतं की इंग्लिश सोडू नकोस. अमेरिका डोक्यात असेल तर सोडूच नकोस. मग का सोडलंस? कुणी सांगितलं तुला?"

म्हणजे तिला माहीत होतं. फॉर्मवर खूण केली तेव्हा तिला माहीत होतं. 'बट आय लाइक इट' एवढंच ती बोलली, कारण अमेरिकेचं नाव काढलं असतं तर मी हसले असते. खरंच हसले असते.

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं. पण समोर ती बाई बसली होती. माझी ट्रेन चुकते म्हणून दोनदा मला गाडीतून कामावर सोडणारी. सगळ्या पालकांसमोर 'हिच्यासारखी आई पाहिजे' म्हणणारी. तिच्यापुढे म्हणायचं की मी खोडलं, तेही स्टॅटिस्टिक्ससाठी? जन्मभर पहिल्या नंबरानं आलेली मी. मला लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही.

"नोबडी," मुलगी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. "आय जस्ट डिडंट लाइक इट. माय कॉल."

कोचनं पेन खाली ठेवलं. "नक्की? कारण मला इथे हेच लिहावं लागेल."

"यिअह."

बोल, मी स्वतःला म्हणत होते. आत्ता बोल. आणि मी उठले आणि विचारलं, "चहा घेणार का?"

"हो, दे," कोच म्हणाली. आत ओट्याशी मी पाणी उकळायला ठेवलं आणि तिच्या पेनाचा आवाज ऐकत राहिले. साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. बाहेर कप नेले तेव्हा फॉर्मवर मुलीची सही झाली होती. त्याखाली पालकाची सही हवी होती. ती मी केली.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, काय लिहिलंत? म्हटलं, जे होतं ते.

आता मुलगी तिशीत आहे. बँकेत काम करते, आकड्यांत हुशार आहे. बास्केटबॉल विद्यापीठाच्या पहिल्या वर्षानंतर सुटलं. आमचं चांगलं आहे, रविवारी येते, माझ्या हातची आमटी मागून खाते. या गोष्टीबद्दल आम्ही कधीही बोललो नाही. अनेकदा मी मनात वाक्य जुळवते आणि तेवढ्यात ती निघायला उठते.

तेव्हा त्या अपिलाचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. मी तिला सरावानंतर घ्यायला जिममध्ये गेले होते. कोच हातात कागद घेऊन दारातच उभी होती, आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं. तरी तिनं वाचून दाखवलं. 'विद्यार्थिनीनं हा विषय स्वतःच्या इच्छेनं सोडला असल्यामुळे सूट देता येत नाही.' कॉलेजनं जागा दुसऱ्या कुणाला दिली होती, तेही त्याच दिवशी कळवलं होतं.

मुलगी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या बुटाची गाठ सुटत नव्हती, तीच ती सोडवत राहिली.

कोचनं माझ्या खांद्याभोवती हात टाकला. तिचा आवाज कधी नव्हे तो हळू झाला होता. "तू किती केलंस तिच्यासाठी, मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण मुलं ही अशीच असतात बघ. आईचं ऐकत नाहीत."

मुलीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो ना. ऐकत नाहीत."