उसन्या गावाचा जावई

मॉरिशसचा तो मुलगा जेद्दाच्या एका हॉटेलात केक-पेस्ट्री करतो. आडनाव मराठी वाटलं म्हणून आमचे हे त्याला एका शुक्रवारी जेवायलाच घेऊन आले. मराठी तो शाळेत शिकलेला. आमटी वाढू का विचारलं, तर म्हणाला, ‘अवश्य.’ मला तो तिथेच आवडला. पुढे आमच्या इमारतीतल्या नर्सलाही आवडला, तेव्हा पंचाईत झाली. तिचा इथला वडीलधारा म्हणजे यानबू बंदराकडच्या कामगार-कॅम्पातला काका, सुतारांचा फोरमन. तो हो म्हणाला तरच लग्न. आणि काका आधी गाव विचारणार, हे तिनं बजावून ठेवलं होतं.

गाव मुलाला ठाऊकच नव्हतं. आमचे हे अतिशहाणे. म्हणाले, त्यात काय, माझं सांग. मग वाड्या, देऊळ, खाडीवरचा साकव असं सगळं त्याच्याकडून घोकून घेतलं. मुलीचं गाव कुठलं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ती आपली सगळ्यांसारखी ‘रत्नागिरी’ एवढंच सांगायची.

काका आले. शराफियाच्या बाजारातून आणलेली सुरमई त्यांनी मन लावून खाल्ली आणि गाव विचारलं. मुलानं धडाधड म्हणून दाखवलं. काकांचा घास हातातच राहिला. ते गाव खाडीच्या पलीकडच्या काठाला, अगदी त्यांच्या गावासमोर. दोन्हीकडच्या ग्रामदेवी सख्ख्या बहिणी, म्हणून तिथे सोयरीक कधीच होत नाही.

“म्हंजे ही तुजी बहीन लागते,” काका म्हणाले.

मुलगी पांढरीफटक पडली. आमचे हे मीठ आणायला म्हणून आत पळाले. मला राग यावा की हसू, कळेना.

मुलानं मान खाली घालून खरं सांगितलं. इंग्रजांनी त्याच्या खापरपणज्याला उसाच्या मळ्यावर राबायला कोकणातून नेलं. बंदरावरच्या कारकुनानं बापाचं नाव आडनाव म्हणून लिहिलं आणि गाव गाळलं. सगळ्या बेटावर ऊसच ऊस. खायचा तांदूळसुद्धा जहाजानं यायचा. जमीन गोऱ्यांची, मालकाशी फ्रेंच, शाळेत इंग्रजी, मराठी एका तासापुरती, आणि बिहारी, तमिळ, मराठी शेजाऱ्यांशी बोलायला क्रिओल. आता साखर कारखाने बंद पडले, मळ्यांच्या जागी हॉटेलं झाली. तिथेच तो केक शिकला आणि इकडे आला.

काका ऐकत राहिले. मग एकदम हसत सुटले, ठसका लागेपर्यंत. बिनगावाचा जावई चालेल, पण भाऊ नको, म्हणाले. इथले अरब काम फत्ते झालं की म्हणतात तसं, खलास, लग्न ठरलं! आमचे हे मिठाची बरणी घेऊन बाहेर आले, जणू सोयरीक त्यांनीच जुळवली. मी आनंदानं रव्याचा शिरा टाकायला उठले.

मुलगा मात्र तसाच बसून होता. त्यानं हळूच विचारलं, “काका, मग मला कुणी गाव विचारलं तर काय सांगू?”

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तुला गाव काय मी देऊ शकत नाय. पन तुज्या पोरांना आजोळ असंल.”